कौतिकाआत्याची सळई

दुपारची मोटार सावनेरला आली की तिचा कंडक्टर माझ्यासाठी नागपूरच्या घरून काही ना काही आणायचा. कधी संत्र्यांची पिशवी, कधी आत्याबाईचा निरोप. आणि निरोप बहुतेक वेळा एकच असायचा, "मास्तरले सांग, जित्ती हाय मी." गेल्या महिन्यात तो मोटार उभी करून थेट तालुक्याच्या जनपद सभेच्या शाळेत, माझ्या वर्गाच्या दाराशी आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची म्हातारी गेली. सकाळी उन्हात बसली होती, बसल्या बसल्याच गेली." मुलं पाढे म्हणत होती, मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलंच नाही, हायसं वाटलं. शेवटची दोन वर्षं तिचं देवाकडे एकच मागणं होतं, की अंथरुणाला खिळायची पाळी येऊ नये, आपल्याला कोणी उचलून बसवायची वेळ येऊ नये. ते मागणं पुरं झालं होतं. रडू मग मोटारीत आलं, पाटणसावंगीच्या आसपास... माझी दहा वर्षांची मुलगी मंदा शेजारी बसली होती. तिने माझ्याच खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कौतिकाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि ती नागपुरात तांडापेठेतल्या आमच्या घरी परत आली ती कायमची. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते हिने. आम्ही कोष्टी. घरात दोन माग. एकावर वडील बसत, दुसऱ्यावर आत्याबाई. बाईमाणसाने सुताच्या कांड्या भराव्यात, मागावर बसू नये असं पेठेतले म्हातारे म्हणत, पण तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. काठाची लुगडी ती अशी विणायची की व्यापारी उलट बाजू बघून सुलट कुठली ते विचारायचा. पण पेठेत तिचं नाव होतं ते लुगड्यांमुळे नव्हे. ती डाग द्यायची. लहान लेकराला आकडी आली, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, की आई त्याला पदरात गुंडाळून आमच्या ओट्यावर आणायची. आत्याबाई एका मोडक्या मागाची हातभर लोखंडी सळई चुलीत तापवायची आणि लेकराच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना तिचं टोक टेकवायची. आकडी थांबायची. निदान लोक तरी तसं सांगत.

तिच्या सळईखालचं पहिलं लेकरू मीच. तेव्हा मी दीड-दोन वर्षांचा होतो म्हणे. पोट बिघडलं होतं, दिवसभर जुलाब चाललेले, आणि एकाएकी आकडी आली. एकदा, दोनदा, तीनदा. माझी आई नुसती ओरडत सुटली. आत्याबाईने तिच्या सासरच्या गावी कोणा म्हाताऱ्याला डाग देताना पाहिलं होतं. तिने सळई तापवली आणि दिले दोन डाग. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून लाह्या खात होतो. झालं! पेठभर बोभाटा झाला. ते दोन डाग, चिंचोक्याएवढे, माझ्या पोटावर अजून आहेत. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा. मॅट्रिक झालो, नॉर्मल स्कूलला जाऊन मास्तर झालो, मुलांना आरोग्याचे धडे शिकवू लागलो, तेव्हा त्यांची लाज वाटायला लागली. लाजेचा पुढे राग झाला. ओट्यावर पदराआड लेकरू घेतलेली बाई दिसली की मी सायकल काढून बाहेर निघून जायचो, आणि ती बाई गेल्याशिवाय परतायचो नाही. एका गणपतीत तर मी कहरच केला. पेठेतल्या वाचनालयात भोळ्या समजुतींवर व्याख्यान ठोकलं आणि ऐन रंगात सदरा वर करून माझे डाग लोकांना दाखवले. म्हणालो, हे पहा अज्ञानाचे शिक्के! टाळ्या पडल्या. आत्याबाई पुढच्या रांगेत बायकांत बसली होती. घरी आल्यावर तिने मला वाढलं, आणि एवढंच विचारलं, "पाठ झालतं का गा सारं, का वाचून बोलला?"

त्यानंतर वर्षभराने, हिवाळ्यात, संत्र्याच्या दिवसांत, पेठेत लेकरांचं पोट बिघडायची साथ आली. घरटी एखादं तरी लेकरू ओकाऱ्यांनी नि हगवणीने बेजार होतं. आमची मंदा तेव्हा दीड वर्षाची, नुकतीच भिंत सोडून चालायला लागलेली. दोन दिवस तिला पाण्यासारखे जुलाब झाले. अंगात ताप नव्हता. मधूनच हसायची, त्यामुळे मी निर्धास्त होतो. घरातून निघताना मंदाच्या आईला मी दरडावून सांगितलं होतं, "काही झालं तरी आत्याबाईला हिच्याजवळ येऊ द्यायचं नाही." एका घरात राहून, एका भिंतीआड तिची चूल असताना, मी हा हुकूम सोडून शाळेत गेलो. मास्तरकी अंगात भिनली की माणूस असे हुकूम सोडतो.

अकराच्या सुमाराला शेजारची सखूबाई शाळेत धावत आली. मंदाला आकडी आली होती, सकाळपासून दोनदा. मी सायकलवर टांग टाकली ती कशी, आणि तांडापेठेपर्यंत पोचलो कसा, मला आठवत नाही. एकच शब्द डोक्यात घणघणत होता, फेफरं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मंदाच्या जन्मभराचं सगळं त्या पाच मिनिटांत मी जगून घेतलं. मुलीच्या जातीला फेफरं म्हणजे काय, हे आमच्यात कोणाला सांगायला लागत नाही. तिला विहिरीवर पाठवायचं नाही, चुलीपुढे बसवायचं नाही, शाळेत घालायचं नाही, आणि पुढे तिचं नाव कोणी काढायचं नाही. सायकल दारात टाकून मी आत शिरलो तर समोर आत्याबाईची चूल. चुलीत सळई खोचलेली. आत्याबाई पाय पसरून बसलेली, मंदा तिच्या मांडीवर कुशीवर निजलेली, पोट उघडं. बाजूला मंदाची आई.

मी दारातूनच ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या बाईने मला आईच्या माघारी वाढवलं तिला मी डाकीण म्हणालो, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि पुढे होऊन, फडकं बिडकं काही न घेता, चुलीतली ती सळई उघड्या मुठीत धरून ओढली. बाहेर फेकायची होती मला. मुठीत धरली तेव्हाच डोक्यात आलं की आता हात भाजला, कातडी सळईला चिकटणार... आणि काहीच झालं नाही. सळई कोमट होती. उन्हात राहिलेल्या कुलपाएवढीही तापलेली नसेल. मी वाकून पाहिलं. चुलीत विस्तव होता, पण तो एका अंगाला सारलेला. सळई होती दुसऱ्या अंगाला, थंड राखेत. वरून दिसताना मात्र ती विस्तवातच खोचल्यासारखी दिसत होती.

"भाजला का गा?" आत्याबाईने विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा होता की काळजी, ते मला आजही सांगता येत नाही.

मी सळई हातात धरून नुसता उभा. मग ती म्हणाली, "ओरडून झालं असंल तं आता रिक्षा आन. दोनदा आली आकडी, जुलाबही लय झाले, पोट्टी सुकून राहिली. मोठ्या दवाखान्यात नेऊ. घाबरू नको. ताप नाही, आकडी गेली का डोळे उघडून आईकडे पाह्यते, पाणी मागते. पोटाची आकडी हाय हे. पोटासंगच जाते." हे सगळं ती सूत किती लागेल ते सांगावं तशा सुरात बोलली. मी मॅट्रिक, नॉर्मल पास, आरोग्याच्या धड्यांचा मास्तर, आणि मुकाट्याने सायकलरिक्षा आणायला गेलो.

रिक्षात मंदाला तिसरी आकडी आली. मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. ती इवलीशी मूठ आवळली गेली, मान वळली, ओठ निळसर झाले, आणि मला वाटलं संपलं सगळं. आत्याबाईने तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदराने पुसला, आणि तिच्या दातांत मी कोंबायला निघालेला रुमाल माझ्या हातातून काढून घेतला. "काई कोंबू नको तोंडात. श्वास घेऊ दे तिले." मी रिक्षावाल्याला ओरडत होतो, जोरात हाण म्हणून. आत्याबाई त्याला म्हणाली, "हळू चालव गा बापा. रस्त्यात तुलेच आकडी यायची." मिनिटभरात मंदा सैल पडली, मग झोपली. रिक्षा दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा तिने डोळे उघडले आणि आईकडे हात केले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मंदाची मान वाकवून पाहिली, टाळूवर बोट फिरवलं, डोळ्यांत विजेरी टाकली. ताप पाहिला. आत्याबाईला विचारलं, "किती वेळा? किती वेळ टिकते? मधल्या वेळात कशी असते?" आणि आत्याबाईने एकेका आकडीचं असं बयान दिलं की डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मंदाचं झबलं वर केलं, पोटावरून हात फिरवला, आणि जरा नवलाने म्हणाल्या, "डाग दिला नाही? तांडापेठेतून येणारं लेकरू बहुतेक डाग घेऊनच येतं." मी खाली बघितलं. मांड्यांत सुया टोचून मंदाला सलाईन चढवलं, मांड्या टम्म फुगल्या. एक आकडी डॉक्टरीणबाईंच्या देखतच आली आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं, की निदान जाणत्या माणसाने ती पाहिली.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, आणि त्यासरशी आकड्याही. मंदा खाटेच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि शेजारच्या लेकराची केळी मागायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे फेफरं तर नाही ना? त्या म्हणाल्या, "मला तसं दिसत नाही. लहान मुलांचं पोट असं बिघडलं की काहींना अशा आकड्या येतात, ताप नसतानाही. लागोपाठ येतात, एक-दोन दिवस, आणि पोटाबरोबर जातात. का येतात, ते मला नक्की सांगता येणार नाही. पोट ठीक असताना कधी आली तर मात्र त्याच पावली घेऊन या." मग आत्याबाईकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं?" आत्याबाई म्हणाली, "सांगते कोन बाई? बसून पाह्यलं." मी वऱ्हांड्यात जाऊन खांबाला टेकलो आणि ढसाढसा रडलो. इतका सुटल्यासारखा मी त्याआधी कधी रडलो नव्हतो, नंतरही नाही.

त्याच वऱ्हांड्यात, दुपारच्या उन्हात, संत्रं सोलत तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं म्हणून नव्हे. संत्र्याच्या शिरा काढायला तिला वेळ लागायचा, आणि हातात काम असलं की ती बोलायची. एकदा ताण्याला खळ लावायचं काम चाललं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लुगड्याचा उभा ताणा अख्ख्या गल्लीभर ताणून धरतात, त्याला कांजीची खळ लावतात, आणि ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहावा लागतो. हात थांबला की धागे एकमेकांना चिकटले, ताणा वाया गेला. घरची सगळी माणसं त्याला जुंपलेली असतात आणि कोणी मेलं तरी कुंचा सोडत नाहीत, असं आमच्यात म्हणतात. तर अशा वेळी पलीकडच्या आळीतून बोलावणं आलं, लेकराला हगवण लागलीय, आकड्या येताहेत, सळई घेऊन चल. आत्याबाईला कुंचा सोडता येईना. खळ वाळली तेव्हा दुपार कलली होती. धावत गेली, तर लेकरू आईच्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा चोखत होतं.

"मले वाटलं, वाचलं नशिबानं," ती म्हणाली. "मंग दुसऱ्यांदा तसंच झालं. मंग म्या मुद्दामच उशीर करून पाह्यला. हगवणीसंग आलेली आकडी, अंगात ताप नाही, मधात लेकरू सुदीवर हाय, तं थे जातेच गा. सळई लावा, नाई लावा, जातेच." संत्र्याची एक फोड तिने माझ्या हातावर ठेवली. "मंग म्या मोजून पाह्यलं, किती लेकरं डागली म्या उगाच. अन् सगळ्यात पह्यला तू. तू बी असाच बरा होनार होता. तुह्यावरून मले वाटलं का माह्या हाताले गुन हाय, अन् तिथूनच सारं चाललं."

मी म्हणालो, मग थांबवायचं होतंस, लोकांना सांगायचं होतंस की डाग देऊ नका. ती माझ्याकडे असं पाहून हसली, जणू मी वर्गातला मठ्ठ पोरगा असावा. "म्या नाई म्हटलं तं थ्या बाया पलीकडच्या पेठेत त्या बुढ्याकडे जातीन. त्याची सळई लाल असते. माह्याकडे आल्या तं बसवतो. सांगतो, तापून राहिली, थांब जरा. घोट घोट पेजेचं पानी पाजत बसवतो. तवरिक लेकराची आकडी निंगून जाते. मंग म्हनतो, आता गरज नाई वं, जा घरी." यात एक गंमत अशी झाली होती की तिचं नाव त्यामुळे उलट वाढलं. कौतिकाबाईची सळई पाहूनच आकडी पळते, लावायचीसुद्धा गरज पडत नाही, असं बायका सांगायला लागल्या होत्या. आठ-दहा वर्षं हे चाललं होतं, माझ्याच घरात, आणि मी सायकल काढून बाहेर जात होतो! वाचनालयात सदरा वर केला तेव्हा ती पुढच्या रांगेत बसून काय ऐकत असेल, ते आत्ता माझ्या लक्षात आलं. मी तिची माफी मागितली. पाया पडायला वाकलो, तर तिने माझं डोकं मागे ढकललं, "ऊठ. लोकं पाहून राहिले."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती फक्त एकदाच आणि माझ्याकडे न बघता. एका लेकराला ताप होता. मान ताठ होती, डोळे उघडत नव्हतं. तिला तेव्हा यातला फरक कळत नव्हता. तिने डाग दिले, बरं होईल म्हणून आईला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. "पोटावर माह्ये डाग घेऊन गेलं लेकरू," ती म्हणाली. त्यानंतर ती ओट्यावर आलेल्या प्रत्येक लेकराच्या कपाळाला आधी हात लावायची. ताप असला, मान ताठ असली, लेकरू सुदीवर येत नसलं, तर तिची चूल पेटायचीच नाही. "हे माह्या सळईचं काम नाई, जा मोठ्या दवाखान्यात," आणि तिने सांगितलं म्हणजे बाया जायच्या. मास्तरच्या व्याख्यानाने गेल्या नसत्या. पुढे पुढे तर हगवणीच्या लेकरांनाही ती थोडा वेळ बसवून, आकडी गेली की दवाखान्यात धाडायला लागली. मंदाला दाखवायला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंनी पाठवलेली मुलं मी ओळखते. त्यांची पोटं साफ असतात, एकही डाग नसतो."

नंतरची दोन-तीन वर्षं मी मंदाच्या मागे सावलीसारखा असायचो. तिने डोळे चोळले तरी माझं काळीज लक्कन हलायचं. तीन वर्षांची असताना पुन्हा एकदा तिचं पोट बिघडलं, चांगलं दोन दिवस. मी रजा टाकून उशाशी बसलो. आत्याबाई मागावरून ओरडायची, "आली का गा?" मी म्हणायचो, नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "आली का?" तिसऱ्यांदा मी चिडलो तेव्हा ती म्हणाली, "वाट पाहून राहिला नं तू, म्हनून विचारलं." आकडी आली नाही. पुन्हा कधीच आली नाही. आज मंदा दहा वर्षांची आहे, विहिरीवरून पाणी आणते, चुलीपुढे बसते, शाळेत पहिली येते, आणि माझ्याशी वाद घालते. एका शब्दाच्या भीतीने मी तिचं आयुष्य पाच मिनिटांत संपवून टाकलं होतं, ते तिला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की वाचेलच.

सावनेरला बदली झाली तेव्हा आत्याबाई आमच्याबरोबर आली नाही. म्हणाली, तिथं माग कुठं हाय? गेल्या दिवाळीला आम्ही शेवटचे भेटलो. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, बोटांनी काठ चाचपून ती विणायची. लेकरं आणणाऱ्या बाया आता फारशा येत नव्हत्या, पेठेतच नगरपालिकेचा दवाखाना झाला होता. मी विचारलं, करमतं का गं? "करमते गा. आता कोनी येत नाही, हे काई कमी हाय का?" निघताना तिने मंदाच्या कपाळाला हात लावून पाहिला, सवयीने.

तेराव्यानंतर आम्ही तिची खोली आवरायला घेतली. सामान ते किती... दोन लुगडी, तांब्या, देवाचा पाट. मागाच्या बैठकीखाली एक टोपली होती, फडक्याने झाकलेली. उघडली तर आत सुताने भरलेल्या कांड्या, तीस-चाळीस तरी. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्या नीट भराव्या लागतात, नाहीतर विणताना सूत अडकतं. या सगळ्या वाकड्यातिकड्या भरलेल्या होत्या. कुठे गाठाळ, कुठे सैल, काहींची सुतं तुटून लोंबत होती. आत्याबाईच्या घरात असली कांडी मी कधी पाहिली नव्हती. सूत उलगडून पुन्हा भरायचं सोडून हिने ही ठेवली कशाला, असं मी पुटपुटलो.

मंदाची आई टोपलीपाशी खाली बसली. मग म्हणाली, "सळई तापेतवरिक कांडी भरत बस म्हनायची ती. येईल तिच्या हातात द्यायची. कोष्ट्याची असो, नसो. हात कापते तं कापू दे वं, सूत सोडू नको, म्हनायची." नऊ वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. तिने एकेक कांडी उचलून पाहिली, आणि एक बाजूला काढली.

"हे माही."

"कशावरून?"

तिने कांडीवर मधोमध बोट ठेवलं. तिथे सुताला गाठ होती. "इथं तुटलं. तुम्ही दारातून ओरडले नं, तवा."

मी कांडी खिडकीशी नेली. गाठीपर्यंतचं सूत कसंबसं गुंडाळलेलं होतं, फुगलेलं, घसरलेलं. गाठीच्या पुढची अर्धी कांडी मात्र एकसारखी, घट्ट भरलेली होती, आणि तो हात कोणाचा होता ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.